सांडवा : 'उत्तररामचरिता'तील न झालेले संभाषण

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'विषयीचा विचार दीर्घकाळ दोन मुद्द्यांभोवती फिरत आला आहे. करुण हाच एकमेव रस असून इतर रस ही त्याचीच रूपांतरे होत, या नाटकातील विधानाचा रससिद्धान्ताच्या चौकटीत अन्वय कसा लावावा, हा पहिला मुद्दा. या नाटकातील राम फार रडतो, वारंवार मूर्च्छित होतो आणि त्यामुळे नायकाच्या धीरोदात्ततेला बाध येतो, हा दुसरा. वरवर पाहता एक मुद्दा सिद्धान्ताचा आणि दुसरा अभिरुचीचा आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे : भाव ही एका व्यक्तीच्या अंतःकरणातील वस्तू असून शब्द तिला फक्त बाहेर आणतात. प्रस्तुत लेखात हे गृहीतच तपासावयाचे आहे. 'उत्तररामचरिता'त भाव हा संभाषणात घडतो किंवा संभाषणाअभावी कुजतो. रामाच्या अश्रूंचे प्रमाण मोजण्यापेक्षा ते कोणासमोर आणि कोणाच्या प्रश्नामुळे वाहतात, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

या विचाराला एक स्थानिक संदर्भ आहे. भवभूतीने आपल्या प्रस्तावनांमध्ये दक्षिणापथातील पद्मपूर हे आपल्या घराण्याचे नगर म्हणून सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असा निष्कर्ष मांडला. हा प्रदेश त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. स्थाननिश्चितीचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्या प्रदेशाने या कवीला आपला मानले, तो तलावांचा प्रदेश आहे, आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकातील सर्वांत अर्थगर्भ प्रतिमा तलावाचीच आहे. या योगायोगातून कवीचे चरित्र रचणे अप्रस्तुत ठरेल. आज दिसणारे, कोहळी समाजाच्या कौशल्याशी जोडले गेलेले मालगुजारी तलाव इ. स. ८व्या शतकातील या कवीनंतर अनेक शतकांनी बांधले गेले. तेव्हा हा संबंध निर्मितीचा नसून वाचनाचा आहे. ज्याने पाळ फुटण्याची भीती अनुभवली आहे, त्या वाचकाला ही प्रतिमा अलंकार म्हणून नव्हे, व्यवहारज्ञान म्हणून कळते.

ती प्रतिमा पाहण्यापूर्वी पहिल्या अंकाकडे वळले पाहिजे, कारण पाणी तेथे अडते. चित्रदर्शनाचा प्रवेश म्हणजे दांपत्यसंभाषणाचा एक आदर्श आहे. भोगलेले दुःख दोघे मिळून चित्रांत पाहतात आणि एकमेकांना सावरतात. गर्भवती सीतेला वनात पुन्हा जाण्याची इच्छा होते. राम रथ सज्ज करण्यास सांगतो. ती त्याच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपते. याच वेळी दुर्मुख येऊन लोकापवादाची वार्ता कानात सांगतो. निर्णय होतो तो सीता झोपेत असताना. राम निद्रिस्त सीतेच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि निघून जातो. जागी झालेली सीता लटक्या रागाचा बेत करीत रथात बसते. तिच्या समजुतीने तो डोहाळे पुरविणारा रथ असतो.

या प्रवेशाचे वर्णन सहसा नाट्यात्म उपरोध असे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली मरणासन्न रुग्णांविषयीच्या आपल्या ग्रंथात जाणिवेचे चार संदर्भ सांगितले : रुग्णाखेरीज सर्वांना ठाऊक असणे, रुग्णाला संशय येणे, सर्वांना ठाऊक असून कोणीच न बोलणे, आणि मोकळेपणाने बोलणे. पहिला अंक हा यांतील पहिल्या, बंदिस्त संदर्भाचा जणू नमुना आहे. जिच्या आयुष्याचा निर्णय होत आहे, तिलाच तो सांगितला जात नाही, आणि न सांगण्यामागे क्रौर्य नसून प्रेम आहे. आपल्याकडील घरांत असाध्य आजाराचे नाव रुग्णापासून लपविले जाते, तेव्हा युक्तिवाद हाच असतो : त्याला सोसवणार नाही. भवभूतीचा राम दाखवितो, की सोसवत नाही ते सांगणाऱ्याला. निद्रिस्त पायांवर ठेवलेले मस्तक ही क्षमायाचना आहे; परंतु जी ऐकली जाऊ शकत नाही, अशीच वेळ तिच्यासाठी निवडलेली आहे.

तिसऱ्या अंकात बारा वर्षे लोटली आहेत. प्रारंभीच मुरला रामाच्या शोकाची तुलना पुटपाकाशी करते, म्हणजे तोंड बंद केलेल्या पात्रात आतल्या आत शिजणाऱ्या औषधीशी. पुढे राम स्वतःच प्रजेला उद्देशून म्हणतो, की तुम्हाला ती घरात नको होती म्हणून मी तिला टाकली आणि तिच्यासाठी शोकही केला नाही. म्हणजे या रामावर अतिरिक्त रडण्याचा आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे, की बारा वर्षे तो रडलेलाच नाही. तिसऱ्या अंकातील पूर हा त्या अवरोधाचा परिणाम आहे.

हा अवरोध फुटतो कसा? एकांतात नव्हे. वनदेवता वासंती प्रश्न विचारते, उपालंभ देते, बोलता बोलता स्वतःच मूर्च्छित होते आणि पुन्हा विचारते : असे का केलेस? राजसभेत जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो विचारण्याइतकी ती जवळची आहे. भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य असलेली सीता हे सारे ऐकते आणि वासंतीलाच कठोर म्हणते. त्या वेळी तमसा तिला समजावते : तलाव पुराने भरला की पाण्याला वाट करून देणे हाच उपाय, शोकाने क्षुब्ध झालेले हृदयही विलापानेच टिकून राहते.

या प्रतिमेत 'परीवाह' हा शब्द निर्णायक आहे. परीवाह म्हणजे सांडवा. पाळीला पडलेले खिंडार नव्हे. सांडवा हा तलावाच्या रचनेचाच भाग असतो. कोणत्या उंचीपर्यंत पाणी राखावयाचे आणि कोठून जाऊ द्यावयाचे, याची ती पूर्वयोजना असते. सांडव्यावरून पाणी गेल्याने तलाव रिता होत नाही, पाळ वाचते. म्हणून येथे भावविरेचनाची कल्पना लागू करणे मला योग्य वाटत नाही. तमसेच्या म्हणण्यात शोक संपण्याची भाषा नाही. हृदय धारण केले जाण्याची भाषा आहे. बोलून दुःख जात नाही, दुःखासह राहता येते. आणि सांडवा बाहेरच्यांनी बांधावयाचा असतो : विचारणारी वासंती, ऐकणारी सीता, जवळ बसून असणारी तमसा.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हा सांडवा रामासाठी आहे, सीतेचे काय? ती ऐकते, पण तिला उत्तर देण्याची मुभा नाही. तिचा स्पर्श मूर्च्छित रामाला सावध करतो, तिचा शब्द मात्र त्याच्यापर्यंत जात नाही. ज्याने अन्याय केला त्याचे दुःख केंद्रस्थानी आणि जिच्यावर झाला ती शुश्रूषेला, असा हा विभाग आहे. आक्षेप खोटा नाही. नाटककाराने तो थोडासा ओळखलेला दिसतो : अश्वमेधात सहधर्मचारिणीच्या जागी सीतेचीच सुवर्णप्रतिमा आहे, हे रामाच्या तोंडून ऐकताच परित्यागाचे शल्य निघाले, असे सीता म्हणते. बारा वर्षे तिला हवे होते ते एक वाक्य; आणि ते तिला चोरून ऐकावे लागते. सातव्या अंकातही रामाला सीतेच्या प्रसूतिवेदना कळतात त्या रंगमंचावर, वाल्मीकींनी रचलेल्या नाटकात. सीतेशी बोलून नव्हे. त्यानंतर पुनर्मीलन होते, मात्र 'मला का सांगितले नाहीस' हा प्रश्न विचारला जात नाही. वाल्मीकींची शोकान्त कथा भवभूतीने सुखान्त केली, असे म्हणतात. अधिक अचूकपणे असे म्हणावे लागेल, की त्याने भेट घडविली, संभाषण घडविले नाही.

ही मर्यादा मान्य करूनही या नाटकाचे आजचे महत्त्व कमी होत नाही. सीता मरणोन्मुख नाही. तेव्हा नाटकाला अंत्यशुश्रूषेचे रूपक बनविणे अतिरेकाचे होईल. तथापि दोहोंची समस्या एकच आहे : जवळच्या माणसांतील अत्यावश्यक बोलणे वेळेवर का होत नाही? सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले ते वेदना ही केवळ शारीरिक नसते, या जाणिवेतून. मुंबईत १९८६ साली 'शांती आवेदना' हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अंतिम उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छा नोंदविण्याचा हक्क मान्य केला. हक्काला कायद्याची भाषा मिळाली. परंतु तो कागद लिहिण्याआधी घरात जे बोलावे लागते, त्याची भाषा कायदा देऊ शकत नाही. ती साहित्यात शोधावी लागते, आणि साहित्यातही ती सहज सापडत नाही, हेच 'उत्तररामचरित' दाखविते. आपल्या परंपरेने शोकाची भाषा विपुल घडविली. शोकापूर्वीच्या संभाषणाची घडविली नाही. रामाचा विलाप पंचवटीत, बारा वर्षांनी, सीता नाही असे समजून होतो. सांडव्याची जागा मात्र पहिल्या अंकातच होती : त्या शय्येवर, ती जागी होईपर्यंत थांबण्यात.