धोक्याची सूचना आणि कराराची सीमा

धोकादायक खेळणी, विद्युत उपकरणे इत्यादींविषयीची सूचना युरोपीय संघाच्या सदस्य राष्ट्रांत तत्काळ पोहोचविणारी 'रॅपेक्स' (आता 'सेफ्टी गेट') ही यंत्रणा निःसंशय उपयुक्त आहे. तिची मर्यादा मात्र मूलभूत स्वरूपाची आहे: वस्तू व्यापाराच्या मार्गाने जाते, सूचना कराराच्या. ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके ठरते. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपताच ग्रेट ब्रिटनसाठी अंतर्गत माहितीचे दार बंद झाले. उरला तो जनतेसाठी प्रसिद्ध होणारा सारांश. त्यात वस्तूचे छायाचित्र व धोक्याचे स्वरूप आढळते, तपासाधिकाऱ्यांतील पत्रव्यवहार नव्हे. खेळण्याच्या रंगातील शिसे मात्र पूर्वीइतकेच विषारी राहिले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे २०१२ मधील जागतिक संकेतस्थळही ही उणीव भरून काढीत नाही; तेथे आधीच जाहीर झालेल्या माघारीच एकत्र केल्या जातात.