निळ्याच्या पोटातला लाल

गोधडीवर नजर पडली की ती आधी मधोमध जाते. तिथे लाल, पिवळ्या, तपकिरी कॉर्डरॉयच्या पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि भोवती नुसता निळा आहे, जुन्या जीन्सचा, विटलेला, कुठे गडद तर कुठे जवळजवळ पांढरा. अ‍ॅनी मे यंग यांनी ही गोधडी १९७६ साली शिवली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहे. अलाबामातल्या विल्कॉक्स काउंटीत नदीने तीन बाजूंनी वेढलेलं जीज बेंड नावाचं गाव आहे. कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. यंग यांच्यासह त्या परिसरातल्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं.

मला या गोधडीत सर्वांत मोठी वाटते ती कापडाची निवड. जीन्सच्या कापडात उभा धागा निळा असतो, आडवा पांढरा. निळीचा रंग उभ्या धाग्याच्या वरवरच बसतो, गाभ्यापर्यंत जात नाही. म्हणून जिथे अंग घासतं तिथे तो उडतो आणि आतला पांढरा डोकावतो. गुडघा आधी फिका पडतो. उसवलेल्या खिशाखालचा चौकोन मात्र नव्यासारखा गडद राहतो, कारण त्याने ऊन पाहिलेलंच नसतं. अशा पँटीचे पाय कापून शेजारी ठेवले की एकाच निळ्याच्या कितीतरी छटा आपोआप हाती येतात. त्या कुणी रंगवलेल्या नाहीत, कामाने पाडलेल्या आहेत. शिवणारीने त्या ओळखल्या, कोणती कुणाशेजारी बसेल ते ठरवलं. काही पायांवर तिने खिसेही तसेच राहू दिले. ते काढून कापड सपाट करता आलं असतं. न काढल्यामुळे ही पँट होती हे गोधडी उघडपणे सांगते.

मधल्या पट्ट्यांचा जन्म वेगळा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ या तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला १९७२ मध्ये सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. कापून उरलेल्या पट्ट्या घरोघर गेल्या आणि त्या दशकातल्या गोधड्यांत हा भडक, लवदार रंग शिरला. जीन्स अंगावर झिजून आलेली. कॉर्डरॉय कारखान्याचं, कुणाच्याही अंगाला न लागलेलं. त्या कोऱ्या कापडाला मध्ये बसवून वापरलेल्याने त्याच्याभोवती कडं करणं, ही मांडणी मला फार धीट वाटते.

जोडणीत आणखी एक खुबी आहे. पँटीचा पाय मांडीशी रुंद, घोट्याशी अरुंद. तो जसाच्या तसा घेतला तर शिवण सरळ जाणारच नाही. पट्टीने आखून सगळे तुकडे सारखे करण्याऐवजी इथल्या बायका पुढच्या तुकड्याला मागच्याचा कल सांभाळायला लावतात. मधून सुरुवात करायची, भोवती एकेक पट्टी लावत बाहेर यायचं. एक कललीच तर पुढचीने तिला सावरायचं. म्हणून इथल्या रेषा किंचित श्वास घेतात. कॉर्डरॉयची लव तर आणखी खेळ करते: तीच पट्टी आडवी लावली की उजेड वेगळा पडतो आणि एका रंगाचे दोन होतात.

आपल्याकडे वाकळ शिवताना जुनं लुगडं आधी हाताला मऊ लागतं का, हे पाहतात. अंगावर घ्यायचं असतं ना! जीन्स जड, सुईला हट्टी. पण थंडीत जीज बेंडच्या गळक्या लाकडी घरांत ऊब हवी होती, आणि शेतकाम करणाऱ्या घरात सर्वांत जास्त उरायचं ते हेच कापड.

संग्रहालयात मांडली की ही गोधडी भिंतीवर उभी असते, जवळजवळ नऊ फूट उंच आणि साडेसहा फूट रुंद. तिथे ती चित्र वाटते, आणि चित्र म्हणून ती उत्तम आहेच. पण ती मनातल्या मनात आडवी करून पाहावी. पलंगावर अंथरली की निळ्या कडा दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि लाल-पिवळं नेमकं निजलेल्या माणसाच्या अंगावर येतं. ही मांडणी पलंगासाठी केलेली आहे, आणि रंगांचा सगळा तोल तिथेच पुरता कळतो.