मदतीचा दवाखाना आणि अर्धवट हिशेब

1992 पासून 1996 च्या मध्यापर्यंत युद्धाने होरपळलेल्या बोस्निया-हर्झेगोव्हिनामध्ये औषधांची प्रचंड मदत गेली. नंतर मोजदाद झाली तेव्हा त्यातली सुमारे 17,000 टन औषधे निरुपयोगी असल्याचा अंदाज निघाला. काहींची मुदत संपलेली होती, काहींचा तिथल्या रोगांशी संबंध नव्हता, काही तर लोकांनी घरातली कपाटे रिकामी करून पाठवलेली दिसत होती. त्यांची विल्हेवाट लावायला सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर लागतील असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशाच्या गळ्यात हे लोढणे पडले.

मदतीच्या दवाखान्यांचा पर्यावरणावर होणारा परिणाम कसा मोजावा, ही चर्चा निघाली की आम्हांला ही गोदामे आठवतात. आज हा परिणाम बहुधा ज्या रीतीने मोजला जातो, त्या रीतीत या गोदामांना जवळजवळ जागाच नाही.

ती रीत म्हणजे कार्बनचा हिशेब. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. 2021 साली मानवतावादी संस्थांनी हवामान व पर्यावरण यांविषयी एक सनद तयार केली. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने 2019 च्या तुलनेत 2030 पर्यंत आपले उत्सर्जन निम्म्यावर आणण्याचे जाहीर केले. उद्दिष्ट ठरवायचे तर आकडा हवाच, आणि कार्बनचा आकडा काढणे सोपे असते. छावणीतल्या दवाखान्याचा जनरेटर घ्या. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे 0.84 किलो, त्यात कार्बन सुमारे 86 टक्के, म्हणजे 0.72 किलो. 12 ग्रॅम कार्बनपासून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेव्हा लिटरमागे साधारण 2.65 किलो वायू झाला. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे.

या गणिताने काही डोळे उघडणाऱ्या गोष्टीही दाखवल्या. आरोग्यसेवेच्या जागतिक उत्सर्जनाचा 2019 साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यातले सुमारे 71 टक्के उत्सर्जन खरेदी केलेल्या मालाच्या साखळीतून, म्हणजे वस्तूंचे उत्पादन, वाहतूक आणि वापर यांतून होते. दवाखान्याच्या छपरावर सौर पट्ट्या लावून छायाचित्र काढणे सोपे, पण विमानाने येणारी खोकी जहाजाने कशी आणता येतील याचा वेळेवर विचार केला तर फायदा अधिक. इथवर आमची तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. हैतीमध्ये ऑक्टोबर 2010 मध्ये कॉलरा उद्भवला. त्यापूर्वी निदान शंभर वर्षे तिथे कॉलराची नोंद नव्हती. मिरेबाले गावाजवळच्या शांतिसेनेच्या छावणीतला मैला एका ओढ्यात मिसळला आणि ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत रोगजंतू गेले, असे शास्त्रीय तपासांतून पुढे आले. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. डिसेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. ती छावणी म्हणजे काही दवाखाना नव्हे, हे खरे. पण मदतीसाठी उभारलेल्या वस्तीचा सर्वांत घातक परिणाम कोणता असू शकतो, हे तिथे दिसले. त्या छावणीचा कार्बन-ताळेबंद मांडला असता तर जनरेटर, गाड्या आणि विमाने यांचे आकडे व्यवस्थित भरले गेले असते. मैल्याच्या खड्ड्यासमोर मात्र नगण्य आकडा पडला असता.

आमचा मुद्दा हाच आहे. कार्बन डायऑक्साइड कुठेही सोडला तरी साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो, म्हणून त्याच्या टनांची बेरीज करता येते. खड्ड्यातल्या मैल्याची तशी बेरीज होत नाही. भूजल किती खोल आहे, माती वाळूची आहे की चिकण, पलीकडची विहीर किती पावलांवर आहे, यावर सगळे ठरते. तोच खड्डा एका ठिकाणी निर्धोक, तर दुसऱ्या ठिकाणी जीवघेणा. जागेची माती, पाणी, झाडी यांविषयी प्रश्न विचारून धोक्याची पातळी सांगणारी 'नीट प्लस' नावाची प्रश्नावली संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने तयार झाली आहे. तिचा रोख आम्हांला अधिक योग्य वाटतो. मात्र ही सुरुवातीची चाळणी झाली. दवाखाना सहा महिन्यांनी हलतो, खड्डा तिथेच राहतो. तंबू उठल्यावर त्या जागी काय उरले, हे कोणीतरी परत जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही.

दुसरा घोळ भागाकाराचा. एकूण उत्सर्जनाला रुग्णसंख्येने भागून 'दर रुग्णामागे इतके किलो' असे सांगण्याचा मोह होतो. आता समजा, एका छावणीत गोवराची लस वेळेवर टोचली गेली आणि साथ आलीच नाही. दवाखान्यात रुग्ण कमी आले, जनरेटर मात्र लसींच्या शीतपेटीसाठी चालूच राहिला. भागाकाराचे उत्तर वाढले! ज्या दवाखान्याने सर्वांत चांगले काम केले, तो कागदावर सर्वांत उधळ्या ठरला. भाजक कोणता घ्यायचा हा निर्णय गणिताचा नसतो. आपण कशाला यश मानतो, त्यावर तो ठरतो.

सुया आणि सिरिंज यांच्या बाबतीत हेच निराळ्या रूपात दिसते. प्लास्टिक वाचवायचे तर सिरिंज पुन्हा वापरावी, असे भाबडेपणाने कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2000 या एका वर्षात असुरक्षित इंजेक्शनांमुळे सुमारे 2 कोटी 10 लाख लोकांना हिपॅटायटिस-बी आणि 2 लाख 60 हजार लोकांना एचआयव्हीची लागण झाली. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या त्या या कारणाने. तेव्हा त्या वापरल्याबद्दल दवाखान्याला दोष देता येणार नाही. त्यानंतर त्या कुठे जातात, हे मात्र विचारलेच पाहिजे. विटांच्या लहान भट्टीत 850 अंशांचे तापमान टिकवणे अवघड असते. पीव्हीसीच्या नळ्या आणि पिशव्या त्यात गेल्या की क्लोरीन असल्यामुळे डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे बनू शकतात. धूर शेजारच्या झोपड्यांवर जातो आणि राखेत सुया तशाच राहतात. 121 अंशांच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह इथे अधिक बरा. त्याला वीज किंवा इंधन लागते, म्हणजे कार्बनच्या रकान्यात आकडा वाढतो. एकच रकाना असलेल्या हिशेबवहीत इथे भट्टीवाला दवाखाना शहाणा ठरण्याचा धोका आहे.

आपल्याकडे दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना शाळेतच टीडीची लस टोचली जाते. त्या दिवशी शिक्षकांनी परिचारिकेला थोडे प्रश्न विचारून पाहावेत. सुई हब कटरने कापली जाते का? उरलेले प्लास्टिक कोणत्या रंगाच्या पिशवीत जाते? ती पिशवी संध्याकाळी कुठे पोचते, आणि शेवटी तिचे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा चटकन मिळतील. पुढच्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जावे लागेल. मुलांनी वहीत नोंदी कराव्यात, पण कचऱ्याला हात लावू नये.