युरियाच्या द्रावणातली तांबडी रक्तपेशी

बालभारतीच्या २०१८ सालच्या आठवीच्या विज्ञानात परासरणासाठी तीन द्रावणे दिली आहेत : समपरासारी, अवपरासारी आणि अतिपरासारी. पहिल्यात पेशी जशीच्या तशी राहते, दुसऱ्यात फुगते, तिसऱ्यात आकसते. मांडणी सुबक आहे आणि मिठापुरती बरोबरही. आक्षेप इतकाच, की येथे फक्त द्रावणाकडे पाहिले जाते. पेशीपटल काय आत सोडते, हा प्रश्न निघतच नाही.

एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवले, तर तांबडी रक्तपेशी त्यात शाबूत राहते. आता मिठाऐवजी १८ ग्रॅम युरिया घ्या. विरघळलेल्या कणांची संख्या जवळजवळ तेवढीच. म्हणजे नियमाप्रमाणे पेशीला काही होऊ नये. प्रत्यक्षात गढूळ तांबडे मिश्रण काही सेकंदांत पारदर्शक होते. पेशी फुटलेल्या असतात. युरिया पटलातून झपाट्याने आत शिरतो आणि त्याच्यामागोमाग पाणी. जालना जिल्ह्यात कपाशीला युरिया टाकलेला न पाहिलेले मूल विरळाच, तेव्हा उदाहरण परके वाटणार नाही. (फळ्यावर आकडेमोड पुरते, मुलांचे रक्त काढू नये.)

‘रेणू लहान, म्हणून आत गेला’ हे वर्गात हमखास दिले जाणारे उत्तरही टिकत नाही. सोडियम आयन युरियापेक्षा लहान, तरी अडतो. ग्लुकोजचा रेणू युरियाच्या तिप्पट वजनाचा, तरी माणसाच्या तांबड्या पेशीत जातो, कारण त्याला नेणारे प्रथिन पटलात आहे. ग्लिसरॉलमध्ये माणसाच्या पेशी लवकर फुटतात, बैलाच्या बराच वेळ तग धरतात. रेणू तोच, पटल वेगळे.

पाण्याचीही गोष्ट अशीच. तांबड्या पेशीतले एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवले, तर त्या विरल द्रावणात फुगून फुटतात, हे पीटर ॲग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. पाण्याचा मार्ग सापडला. २००३ साली ॲग्रे यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. युरियाचा मार्ग निराळा. ते प्रथिन म्हणजेच ‘किड’ रक्तगटाचे प्रथिन. ते ज्यांच्यात नसते अशा मोजक्या लोकांच्या पेशी तीव्र युरियातही लवकर फुटत नाहीत, हे १९८२ मध्ये लक्षात आले.

आठवीला प्रथिनांची नावे नकोत. पण ‘विरघळलेला पदार्थ पटलातून जात नसेल तर’ एवढी अट व्याख्येत घालायला अर्धी ओळ लागते. ती नसल्यामुळे युरियाच्या प्रश्नाला ‘पेशी फुटेल’ असे लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर आज चूक ठरते.