आगरकरांचा एक शब्द

अंधेरी स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की बसगाड्यांची जी दाटी दिसते, त्या जागेला आगरकर चौक म्हणतात. गेली वीस वर्षे मी तिथून बस धरते. बसच्या पाटीवर 'आगरकर चौक' अशी अक्षरे असतात आणि घाईची माणसे त्यातला चौकही गाळून नुसते 'आगरकर' म्हणतात. एकदा वर्गात मी सहज विचारले, "आगरकर कोण रे?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "बाई, बस डेपो!" सारा वर्ग हसला, मीही हसले. मुलाची चूक नव्हती. तिथून हाकेच्या अंतरावर रुळांवरून जो पूल जातो, त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव आहे. 1888 साली आगरकरांनी 'सुधारक' काढला तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. पुण्याचे हे दोन गोपाळ आमच्या उपनगरात असे शेजारी येऊन राहिले आहेत, आणि दोघांच्याही अंगाखांद्यावरून आम्ही रोज घाईघाईने जातो.

त्या आगरकरांच्या एका निबंधाविषयी, किंबहुना त्याच्या मथळ्यातल्या एका शब्दाविषयी मला लिहावयाचे आहे. मथळा असा: 'स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे'. हल्लीचा संपादक एवढा लांब मथळा छापणार नाही. पण मला वाटते, आगरकरांची सारी लेखनशैली या एका ओळीत आहे. त्यांना आडपडदा ठाऊक नव्हता. वाचकाला गोडीगुलाबीने दारात बोलावून मग आत कडू औषध पाजणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. औषध काय आहे ते दारावरच लिहिलेले असे. मथळ्यात दोन मागण्या आहेत. पहिली 'एकच' आणि दुसरी 'एकत्र'. त्या दोहोंना जोडणारा 'तेही' हा चिमुकला शब्द मला फार मोलाचा वाटतो. पहिली मागणी ऐकून वाचक सावरतो न सावरतो तोच 'तेही' म्हणून आगरकर त्याला पुन्हा उभा करतात. पहिल्या मागणीने निम्मे पुणे रागावले असेल, तर दुसरीने उरलेले निम्मे.

आमच्या टीकाकारांनी या निबंधातले 'शिक्षण' उचलले, 'एकच' बऱ्याच वादावादीनंतर उचलले, आणि 'एकत्र' हळूच खाली ठेवले, असा माझा आरोप आहे. शाळेच्या पुस्तकांतून आगरकर 'स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते' म्हणून येतात. ते खरेच, पण स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते तेव्हा पुण्यात इतरही होते. मुलींसाठी हुजूरपागा 1884 सालीच निघाली होती. आगरकरांचे वेगळेपण 'एकत्र'मध्ये आहे.

या शब्दाशी माझे वैयक्तिक भांडण आहे, तेही सांगून टाकते. मी मॅट्रिक आहे. आता लोक दहावी म्हणतात. आमच्या घरात शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. 1995 साली, आम्ही मुलुंडला राहत असताना, मी पास झाले. मार्क बरे होते. वडील शिक्षणाच्या विरुद्ध मुळीच नव्हते. त्यांनीच मला वाचनाची गोडी लावली. त्यांचे म्हणणे एवढेच, की बायकांचे कॉलेज मिळाले तर जा. ज्या एका ठिकाणी अर्ज केला तिथल्या यादीत माझे नाव लागले नाही. घरापासून पंधरा मिनिटांवर दुसरे कॉलेज होते, तिथे जागाही होती. पण तिथे मुलगे होते. माझे शिक्षण 'शिक्षण' या शब्दावर अडले नाही, ते 'एकत्र'वर अडले. पुढे मी शाळेत शिकवू लागले, कादंबऱ्या लिहिल्या, संसार केला. तक्रारीला जागा नाही. तरी आगरकरांचा हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा माझे वय तीस होते आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

आता आपल्या कथावाङ्मयाकडे येऊ. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही आगरकरांच्याच काळातली कादंबरी. तिच्यातली यमू मुंबईला येते, नवऱ्याजवळ बसून वाचू लागते, आणि त्या पानांवर जेवढे ऊन पडले आहे तेवढे साऱ्या कादंबरीत दुसरीकडे नाही. पण यमूचे कॉलेज म्हणजे नवऱ्याची खोली. रघुनाथराव गेले आणि कॉलेज बंद झाले. केशवपनाचा वस्तरा आला. हरिभाऊंनी हे मुद्दाम योजले असेल की नसेल, पण एका पुरुषाच्या प्रेमावर उभे असलेले शिक्षण त्या पुरुषाबरोबर संपते हे त्यांच्याइतके निर्दयपणे कोणी दाखविले नाही. यमूला दयाळू नवरा होता, हक्काचा बाक नव्हता.

हक्काचा बाक मिळाला तरी पुरते असेही नाही. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुलग्यांच्या वर्गात. 1888 साली, म्हणजे 'सुधारक' निघाला त्याच वर्षी, त्या पदवी परीक्षेत कॉलेजात पहिल्या आल्या. त्या गुणांवर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. पुढे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमविली आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. एकाच फळ्यावरचे गणित सोडवायचे, एकाच प्रश्नपत्रिकेला उत्तरे लिहायची, आणि बक्षिसाच्या वेळी मात्र ओळ वेगळी!

हा दोष एकट्या पुण्याचा नव्हे. अमेरिकेत कनेटिकट राज्यात वेस्लियन नावाचे जुने विद्यापीठ आहे. 1872 साली त्याने मुलींना दार उघडले. मुली आल्या, शिकल्या, बक्षिसे घेऊ लागल्या. तेव्हा जुन्या मुलग्यांना आणि विश्वस्तांना काळजी पडली, की आपले विद्यापीठ बायकी होत चालले, पुरुषांच्या नामांकित कॉलेजांपुढे आपली किंमत उतरली. आधी मुलींच्या संख्येला मर्यादा घातली. 1909 साली नव्या मुली घ्यायच्या नाहीत असे ठरले आणि 1912 साली शेवटची तुकडी बाहेर पडली. मुली नापास होत होत्या म्हणून हे झाले नाही, हे लक्षात घ्यावे. तिथून शिकून गेलेल्या स्त्रियांनी ही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही. एलिझाबेथ राइट ही त्यांच्यापैकी एक. आपल्या पाठच्या मुलींसाठी दार उघडे राहीना, तेव्हा तिने व हार्टफर्डच्या सुशिक्षित बायकांनी नवे कॉलेज काढण्याचा उद्योग आरंभिला. 1911 साली त्याला सनद मिळाली, 1915 साली न्यू लंडन गावी बायकांचे कॉलेज सुरू झाले. गंमत पुढेच आहे. 1970 च्या सुमारास वेस्लियनने मुलींना पुन्हा घेतले आणि त्याच सुमारास त्या बायकांच्या कॉलेजानेही मुलग्यांना घेतले. साठ वर्षे वळसा घालून दोघे आगरकरांच्या मथळ्यापाशी आले!

मला या हकिकतीत सर्वांत चटका लावते ते हे, की आपण शिकून बाहेर पडलेल्या बायका परत दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. पदवी त्यांच्या हातात होती. ती कोणी काढून घेणार नव्हते. दार बंद झाल्याने त्यांचे स्वतःचे काहीच जात नव्हते. आणि उघडलेले दार पुन्हा लागत नाही अशा भ्रमात आपण राहू नये. काबूलच्या विद्यापीठात मुलेमुली एका वर्गात बसत. 2021 साली तालिबान आले. पहिला हुकूम निघाला तो मुलामुलींना वेगळे बसविण्याचा. मध्ये पडदे लागले. त्या वेळी पुष्कळांना वाटले, वेगळे का होईना, शिकू तर देतात. डिसेंबर 2022 मध्ये मुलींची विद्यापीठेच बंद झाली. आधी 'एकत्र' गेले, मग 'शिक्षण' गेले.

इथे कोणी वाचक मला अडवील: मग अण्णासाहेब कर्व्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला झटपट उत्तर देणे कृतघ्नपणाचे होईल. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. आगरकर तिथे प्राचार्य होते त्या काळातही ते तिथे होते. पण जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी 1916 साली विद्यापीठ काढले ते बायकांचे, अभ्यासक्रमही वेगळा. म्हणजे 'एकच'ही नाही आणि 'एकत्र'ही नाही. आगरकर तेव्हा हयात असते तर 'सुधारका'त कडक अग्रलेख आला असता, यात मला शंका नाही. आणि तरीही हिंगण्याच्या त्या वेगळ्या घरानेच मराठीला मालतीबाई बेडेकर दिल्या. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 साली आले, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने, आणि शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालते हे ऐकून महाराष्ट्र हादरला. ते बोलणे बायका बायकांतच प्रथम बोलल्या असणार. त्याला आडोसा हवा होता. तो आडोसा कर्व्यांनी दिला. आगरकरांच्या वर्गात ते पुस्तक लिहिले गेले असते असे मला प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

पण दुसरी बाजू पाहा. इरावती कर्वे फर्ग्युसनच्या. दुर्गाबाई भागवत सेंट झेवियर्सच्या. दोघीही मुलग्यांबरोबर शिकल्या, आणि दोघींनीही पुढे महाभारताला हात घातला: दुर्गाबाईंचे 'व्यासपर्व' 1962 चे, इरावतीबाईंचे 'युगान्त' 1967 चे. ही पुस्तके वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. त्यांत निःश्वास नाही. भीष्माला, कर्णाला, द्रौपदीला त्या समोर बसवून प्रश्न विचारतात. आवाज चढवीत नाहीत, पदरही सावरीत नाहीत. इरावतीबाईंचे वाक्य तर असे येते, जणू समोरच्या बाकावर कोणी तरी हुशार मुलगा बसला आहे आणि त्याला खोडून काढावयाचे आहे. ही सवय एकट्याने खोलीत बसून लागत नाही. दोन लेखिकांवरून सिद्धान्त उभारू नये हे मला कळते. घरचे संस्कार, बुद्धी, काळ हे सारे धरावे लागेल. तरी माझ्या कानाला फरक ऐकू येतो तो येतोच. वेगळ्या घरातून आपल्याला गुपित मिळाले आणि एकत्र घरातून वाद मिळाला. वाङ्मयाला दोन्ही लागतात. पण वादाची आपल्याकडे टंचाई अधिक आहे.

आणि ज्यांनी मिश्र कॉलेज मराठी घराघरांत पोहोचविले त्या कादंबरीकारांनी काय केले? प्रा. ना. सी. फडके स्वतः कॉलेजात शिकवीत. त्यांच्या आणि त्यांच्या पठडीतल्या कादंबऱ्यांनी कॉलेजला रंगरूप दिले, भाषेला डौल दिला, हे ऋण मी मानते. पण त्या कॉलेजात मुलगी येते ती दिसण्यासाठी. तिची साडी, तिची टेनिसची रॅकेट, तिचे लटके रागावणे आपल्याला तपशीलवार कळते. ती कोणता विषय घेऊन बसली आहे हे शंभर पाने झाली तरी कळत नाही. वाचणाऱ्या मुलांना ते गोड वाटले आणि वाचणाऱ्या बापांच्या पोटात गोळा आला. माझ्या वडिलांच्या कपाटात या कादंबऱ्या होत्या. दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? माझ्याच दुसऱ्या कादंबरीची नायिका कॉलेजात जाते, आणि तिचे सगळे प्रसंग कॅन्टीनमध्ये घडतात. कॉलेजची लायब्ररी आतून कशी असते हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी तिला तिकडे नेलेच नाही.

वास्तविक लिहिण्याजोगी नायिका दुर्गाबाईंच्या घरातच होती. त्यांची धाकटी बहीण कमला. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन तिने बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. पण त्या नात्याचा उपयोग झाला नाही. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ही मुलगी थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि हटेना. अखेर अटींवर प्रवेश मिळाला: पहिले वर्ष ती रीतसर विद्यार्थिनी नव्हे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे, आणि तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट मला पुनःपुन्हा वाचावीशी वाटते. लक्ष त्यांचे, आणि जामीन तिचा! तिने ते वर्ष काढले. काम पाहून रामननी तिला कायम केले आणि मुलींना प्रवेश देऊ लागले. त्या वर्षात तिच्या हातून एक परीक्षानळी फुटती तरी ती तिच्या एकटीच्या नावावर जमा झाली नसती. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद हे सारे झाले. कमला सोहोनी या नावाने त्या ओळखल्या गेल्या. गोरेगावच्या आरे दूध योजनेला दूध नासू नये म्हणून त्यांनी सल्ला दिला होता. लहानपणी आमच्या घरी आरेच्याच बाटल्या येत. त्या बाटल्यांमागे एका बाईचे डोके आहे हे आम्हाला कुणी सांगितले नाही. त्यांच्यावर एक भरगच्च मराठी कादंबरी व्हावयास हवी होती. मला ती पेलणार नाही, प्रयोगशाळेतली भाषा मला येत नाही. पण कुणा शिकलेल्या मुलीने ती लिहावी.

यंदा निकाल लागल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. घरकाम करून चार पैसे जोडणारी बाई. मुलीला सायन्सला जायचे आहे, कॉलेज रुळांच्या पलीकडे मिळते आहे. बाई खुर्चीच्या कडेवर बसली, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि म्हणाली, "बाई, तिथे पोरं पण असतात ना?"

"असतात," मी म्हटले.

"मग हो?"

"माझ्याही वर्गात आहेत. तुमची सुनीता दहा वर्षे त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली. गणितात ती त्यांना आवरत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ती हसली. जरा वेळ गप्प राहिली. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "हे पैसे भरायची शेवटची तारीख कोणती लिहिलीय, तेवढं वाचून सांगा."