खेळ तोच, बाक कुठाय?

चिकलठाण्याहून विमानानं परदेशी जायचं, तर मध्ये मुंबई-दिल्लीला तासन्‌तास ताटकळणं आलंच. हाच रिकामा वेळ विकायला अमेरिकेतल्या डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर २०१८ मध्ये ‘गेमवे’ हे गेमिंग लाउंज निघालं.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ऑजे यांनी १९९२ च्या पुस्तकात विमानतळांना ‘अ-स्थळ’ म्हटलं. थोडक्यात, जिथे माणसं नुसती येतात-जातात, नाती जुळत नाहीत अशी जागा.

माझा आक्षेप इथेच आहे. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक जण खेळायचा अन् मागे उभे चौघं ‘अरे, उडी मार ना!’ म्हणून ओरडायचे. ओळख नसली तरी चालायचं. लाउंजमध्ये मात्र ज्याची-त्याची खुर्ची, ज्याची-त्याची स्क्रीन, कानाला हेडफोन. म्हणजे माणसांना तोडते ती जागा नाही, मांडणी. खुर्चीमागे एक बाक टाकला, तर ऑजेंना उत्तर मिळेल.