आदर्श उत्तरपत्रिकाच अपुरी असेल तर?

गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, की पशुवैद्यकाला ब्रुसेला जिवाणूची शंका येते. सांसर्गिक गर्भपात म्हणून ओळखला जाणारा हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या गायीच्या स्रावांतून माणसालाही होतो. त्यासाठीच्या चाचण्यांची तुलना करणारे लेख पशुवैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. त्यांतील एक रूढ पद्धत तपासून पाहण्याजोगी आहे.

रोझ बेंगाल चाचणीत गायीच्या रक्तजलाचा थेंब रंगवलेल्या मृत जिवाणूंत मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर काही मिनिटांत गुठळ्या दिसतात. एलायझा चाचणीही प्रतिपिंडेच शोधते. संवर्धनात मात्र प्रत्यक्ष जिवाणू वाढवून दाखवतात. म्हणून अनेक तुलनांत संवर्धन हेच प्रमाण मानले जाते.

गोम इथेच आहे. जिवाणू वाढला तर रोग नक्की. पण वाढला नाही म्हणजे रोग नाही, असे नव्हे. ब्रुसेला सावकाश वाढतो, नमुन्यात तो अत्यल्प असू शकतो, इतर जिवाणू त्याच्यावर मात करतात. समजा, १०० गायींपैकी २० रोगी आहेत. एलायझाने त्यांतल्या १९ ओळखल्या, निरोगी एकही गाय रोगी ठरवली नाही. संवर्धनाने त्या १९ पैकी १२ च सापडल्या. आता संवर्धन प्रमाण मानले, तर एलायझाच्या नावावर ७ चुका पडतील! आदर्श उत्तरपत्रिकेत नाही म्हणून बरोबर उत्तराचे गुण कापावेत, तसेच हे. पण इथे प्रश्न केवळ गुणांचा नाही. तक्त्यावर विसंबले, तर त्या ७ गायी निरोगी म्हणून गोठ्यात परततील.

१९८० साली हुई आणि वॉल्टर यांनी एक संख्याशास्त्रीय रीत मांडली. रोगाचे प्रमाण भिन्न असलेल्या दोन गटांवर दोन चाचण्या करायच्या आणि कोणतीही निर्दोष न मानता दोन्हींच्या चुकांचा अंदाज काढायचा. मात्र दोन्ही चाचण्या स्वतंत्रपणे चुकतात, हे तिचे गृहीतक आहे. रोझ बेंगाल आणि एलायझा दोन्ही प्रतिपिंडांवरच अवलंबून. ती लसीमुळे आलेली असतील, तर दोन्ही एकदमच फसू शकतात. शेजाऱ्याची वही पाहून लिहिले, तर उत्तरे जुळतात. बरोबर असतीलच असे नाही.

तेव्हा 'अचूकता किती टक्के?' यापूर्वी 'कशाशी ताडून?' हे विचारायला हवे. वरील १०० गायींचा तक्ता विद्यार्थ्यांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. हा प्रश्न त्यांना आपोआप सुचेल.